नेपतीचे आठ दिवस

शिरूर कासारात त्या फाल्गुनात कुणाच्या तोंडावर हसू दिसलं असेल तर शपथ. पावसानं दगा दिलेला, आड तळाला गेलेले, कडबा संपत आलेला. आणि अशात धोंडप्पा वाण्याची बायको उमाबाई सकाळी सकाळी पेटीतलं इरकली लुगडं काढून बसली होती. का, तर परसातली नेपती फुलली.

सून गंगासागर भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, अजून आठ दिस हायेत की. दरसाल नेपती फुलल्यावर आठ दिस मोजून महादेवाला जाता न्हाई का तुमी?"

"औंदा न्हाई मोजायचे. आजच निघायचं."

आता नेपती म्हणजे काय मोठं झाड नव्हे. नुसतं काट्यांचं जाळं, पान औषधालाही नाही. सगळं रान वाळलं की ही बया विटकरी लाल फुलते. फळांच्या लोणच्यापुरती माणसं तिच्याकडं जातात, एरवी तिला कोण विचारतो? पण उमाबाईचा जीव त्या झुडपात अडकलेला.

माहेरी तिच्या घरामागं अशीच एक जुनी नेपती होती. शेजारच्या कुणब्याची छबू आणि ती, दोघी त्या फुलांवरून भांडत आणि तीच फुलं एकमेकींच्या कानांत घालत. दोघींची लग्नं एकाच साली झाली. उमा शिरूरला पडली, छबू उमापूरला. जायच्या आदल्या दिवशी छबूनं खुरप्यानं नेपतीच्या मुळाचे दोन फुटवे काढले.

"एकाच मुळाचे हायेत, एकाच दिशी फुलतील," ती म्हणाली. "फुललं की त्याच दिशी माळावरच्या महादेवाला यायचं. तू तिकडून, मी इकडून."

ते देऊळ दोन्ही गावांच्या अर्ध्या वाटेवर. तिथी का नाही ठरवली, असं कुणी विचारील. अहो, तिथ्या सगळ्या सासरच्या! शिवरात आली की घरात पाहुणे, संक्रांत आली की तीळ निवडा, पाडवा आला की घर सारवा. नेपतीचा दिवस तेवढा कुणाच्या मालकीचा नव्हता.

फुटवा जगून फुलायला सहा वर्षं लागली. फुललेलं बघितल्याबरोबर उमा सासूची इजाजत घेऊन, लोणच्याचं मडकं काखेला मारून निघाली. देवळाच्या पायरीवर बसून तिचे डोळे दुखले. छबू आली नाही. दुसऱ्या सालीही नाही. तिसऱ्या सालीही ऊन कलेपर्यंत कुणी फिरकलं नाही, तेव्हा उमाचं टाळकं फिरलं. बड्या कुळवाड्याच्या घरात पडली, आता वाण्याची उमी कशाला आठवती तिला, असं म्हणून तिनं मडकं पायरीवर आपटून फोडलं.

चौथ्या साली तो मोठा दुष्काळ पडला. ढोरं गेली, माणसं गेली, उमाची तान्ही लेकही गेली. घरात रडायला फुरसत कुणाला होती? तिचे डोळे कोरडेच राहिले. आणि नेपती मात्र फुलली. उमा जायला तयार नव्हती. सासू बोलायला फटकळ बाई, पण त्या दिवशी हळू आवाजात म्हणाली, "जा बाई. देवापुढं तरी रडून ये."

ती गेली, तर पायरीवर छबू.

"आली का महाराणी?" छबूनं तोंड सोडलं. "तीन सालं मला इथं बसवून ठेवलंस. कावून गं?"

"मी बसवलं? मीच तीन सालं वाट बघून गेलते!"

दोघी कडाकडा भांडल्या. भांडता भांडता छबूनं विचारलं, "लेकरं कशी हायेत?" आणि उमाचा बांध फुटला. छबूनं तिला मांडीवर घेतलं. तिच्या केसांतून हात फिरवत ती दुपार उलटेपर्यंत बसून राहिली.

मग रुसवा निवळल्यावर दोघींनी बोटांवर दिवस मोजले. शिरूरचा माळ दगडाचा, ओल लवकर उडते, तिथली नेपती लवकर तापते आणि आधी फुलते. उमापूरची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, तिथलं फूल आठ दिवस मागं. एक येऊन जायची तेव्हा दुसरीची कळीसुद्धा नसायची. त्या साली दोन्हीकडं सारखंच कोरडं, म्हणून एका दिवशी फुललं.

"आता तू आठ दिस दम धरायचा," छबू म्हणाली. "आमी उद्या ढोरं घेऊन गंगेपल्याड चाललो. पाऊस पडला की येऊ. आमच्या नेपतीचा एक फुटवा संगं घेतलाय, ओल्या फडक्यात."

त्याला बावीस वर्षं झाली. दरसाल उमाबाईनं आठ दिवस मोजले, दरसाल ती एकटी जाऊन एकटी आली. उमापूरचे लोक म्हणत, ती माणसं तिकडं गोदावरीपल्याडच राहिली. कुणी म्हणे, वाटेतच संपली. उमाबाईनं दोन्ही ऐकून घेतलं आणि एकही मनाला लावून घेतलं नाही.

गावात त्या दुष्काळाचं नाव निघालं की म्हातारे कानाला हात लावत. उमाबाईला मात्र ते जमायचं नाही. त्या सालानं लेक नेली आणि त्याच सालानं छबू दाखवली. त्याला शिव्या द्यायला जीभ वळायची नाही. आणि पाऊसपाणी चांगलं झालेल्या साली सगळं गाव खुशीत असताना हिला आतून थोडं वाईट वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्ट आहे का ती?

आज मात्र सुनेपुढं तिनं तोंड उघडलं आणि हे सगळं सांगून टाकलं. गंगासागरनं तवा खाली उतरवला. मग जरा भीतभीतच म्हणाली, "पण आत्याबाई, त्या छबूबाई गंगेपल्याड असल्या तर?"

"तेच म्हणते मी," उमाबाई लुगड्याच्या निऱ्या नीट करत म्हणाली. "तिथली माती कशी, तिथं फूल किती दिस मागं, मला काय ठाव? आठ दिस उमापूरचे होते. मीच येडी, बावीस सालं तेच मोजत बसले. औंदा मोजायचं कामच न्हाई. औंदा गंगेपल्याड बी कोरडंच हाय."

गंगासागरनं टोपल्यात बघितलं. घरातल्या सगळ्यांना मिळून पाच भाकरी होत्या. फडक्यात उमाबाईपुरती एक बांधलेली होती. तिनं ते सोडलं आणि आणखी एक ठेवून पुन्हा गाठ मारली.