गुणाबाईचे कमी मार्क

रुपाली घुग्घुसची. एम. ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधाचा विषय मॅडमनी ठरवून दिला होता: कॅन्सरचे रुग्ण आजाराला मनानं कसं तोंड देतात, ते मोजायचं. मोजायला अठ्ठावीस वाक्यांचा फॉर्म होता. एकेक वाक्य वाचून दाखवायचं आणि रुग्णानं चारांतलं एक उत्तर द्यायचं: अजिबात लागू नाही, थोडं लागू, बरंच लागू, पूर्ण लागू. असे साठ फॉर्म हवे होते. दर मंगळवारी ती ट्रकांच्या धुळीत उभी राहून बस पकडायची आणि ओढणी झटकत चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या केमोच्या वॉर्डात शिरायची.

पहिला फॉर्म तिनं गुणाबाईचा घेतला. गुणाबाई चिमूरकडच्या एका खेड्यातली, गावच्या तलावातले मासे आणि शिंगाडे बाजारात नेऊन विकणारी. छातीतली गाठ काढून झाली होती आणि आता तिसऱ्या केमोची पाळी होती.

"मी माझ्या आजाराशी लढण्याचा निर्धार केला आहे," रुपालीनं वाचलं.

"कोणाशी लढू?" गुणाबाई म्हणाली. "गाठ होती, ते त डॉक्टरनं कापून नेली. आता इथी कोण हाय लढाले?"

"मनातून लढायचं, बाई. चारांतलं एक सांगा."

"मंग लिही, नाई लढत. सुई लावतेत, मी लावून घेते. भांडण काऊन करू?"

रुपालीनं 'अजिबात लागू नाही'वर खूण केली. "आजाराला मी एक आव्हान मानते."

गुणाबाई एकदम उठून बसली. "बाप्पा! मले त कॅन्सर हाय म्हून सांगतलं होतं. हे आव्हान कधी निघालं?"

तिला शांत करण्यात दहा मिनिटं गेली. मग पुढचं वाक्य आलं, "भविष्याबद्दल मी आशावादी आहे."

"ते शिंगाड्यावर हाय. औंदा तलावात पाणी कमी."

असं करत अठ्ठावीस वाक्यं संपली. रुपालीनं तिथंच बेरीज केली.

"किती मार्क पडले?" गुणाबाईनं विचारलं.

"मार्क नाहीत, बाई. स्कोअर असतो. लढाऊ वृत्तीच्या आठ वाक्यांत बत्तीसपैकी नऊ."

"मंजे कमी?"

रुपाली खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "थोडा कमीच आहे," ती म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे वळली.

अर्ध्या तासानं चंचल नावाची सिस्टर सकाळचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली. "गुणाबाई, आज सुई नाई लावत. कमी आलं तुमचं. पुढच्या मंगळवारी या." कमी आल्या होत्या त्या पांढऱ्या पेशी. पण सिस्टरला तेवढ्यात फोन आला आणि पेशींचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

गुणाबाईनं दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. बसमध्ये ती नवऱ्याला, वारलूला म्हणाली, "त्या पोट्टीच्या कागदात मी नापास झाली. म्हून सुई बंद केली."

वारलू कमी बोलणारा माणूस. "मंग अभ्यास कर," एवढंच म्हणाला.

आठ दिवस तिनं तलावावर जाता-येता "मी लढते, मी लढते" असं घोकलं. ज्वारीचं पीठ, अंडी, मासे असं वारलू आणून देईल ते खाल्लं. पुढच्या मंगळवारी रिपोर्ट चांगला आला. चंचल सिस्टर म्हणाली, "आता कशा बरोबर आल्या!" आणि सुई लावली. गुणाबाईची खात्रीच पटली. तिनं साऱ्या वॉर्डाला सावध केलं.

वॉर्डात देवानंद गुरुजी होते. वडशाकडच्या झेडपीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, पोटाचा कॅन्सर. परीक्षा म्हटल्यावर त्यांच्या अंगात बळ आलं. स्वतःचा फॉर्म देताना त्यांनी एक कोरी प्रत 'वाचायला' मागून घेतली आणि दर मंगळवारी रुपाली यायच्या आधी तास सुरू केला. रुपालीला फक्त एवढंच दिसलं, की काम फार भराभर होतंय. पूर्वी एका फॉर्मला तास लागायचा. आता वाक्य पुरतं वाचायच्या आत उत्तर यायचं.

महिनाभरानं तिनं तेव्हापासूनचे बावीस फॉर्म मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी चाळले, मग चष्मा काढला.

"बावीस रुग्ण, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उत्तरं सारखी? कुणालाच भीती वाटत नाही? अख्खा वॉर्ड शूर?"

"मॅडम, त्यांनी असंच सांगितलं."

"वीस वर्षं शिकवतेय मी. घरी बसून भरलेले फॉर्म मला ओळखता येतात. प्रत्येक पानावर वॉर्डाच्या सिस्टरची सही आण, नाहीतर विषय रद्द."

रुपाली पायऱ्यांवर बसून रडली. मंगळवारी ती पहिल्याच बसनं निघाली आणि नेहमीपेक्षा तासभर आधी वॉर्डाच्या दाराशी पोचली. आतून गुरुजींचा आवाज येत होता.

"प्रश्न अकरा. मला रात्री झोप लागत नाही. उत्तर?"

"अजिबात लागू नाई!" सगळे एका सुरात म्हणाले.

"पण गुरुजी," कोपऱ्यातून सोमारी म्हणाली, "मले खरंच झोप नाई लागत."

"ते घरी. परीक्षेत खरं लिहिते का कोणी? प्रश्न बारा."

रुपाली दारात उभी राहिली. सलाईन लावलेल्या हातानंच गुरुजींनी कागद उशीखाली सारला. कॉपी पकडणाऱ्या या माणसाचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता.

"गुरुजी, हे काय?"

"माझा दोष नाही. गुणाबाईला तुम्ही नापास केलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. रुपालीनं चंचल सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं जुना रिपोर्ट काढून दाखवला आणि पांढऱ्या पेशी म्हणजे काय ते समजावलं. या फॉर्मचा आणि औषधाचा काहीच संबंध नाही, इथे पास-नापास नाही, हे रुपालीनं तीनदा सांगितलं.

"मंग पेशी कमी हाय म्हून सांगाचं ना!" गुणाबाई भडकली. "मी महिनाभर लढून राह्यली. मासे घ्याले आलेली बाई म्हणे, हिले झालं काय?"

सिस्टर आधी हसली. रुपाली हसावं की रडावं या विचारात असतानाच अख्खा वॉर्ड हसायला लागला. गुरुजींना हसताना पोट दुखलं, तरी ते थांबेनात.

त्या दिवशी फॉर्म नव्यानं भरायला सुरुवात झाली. आता उत्तरं संपेनात. सोमारीनं झोपेच्या एका प्रश्नावर वीस मिनिटं घेतली. गुरुजींनी सांगितलं की त्यांना डॉक्टरांपेक्षा रिकाम्या घराची जास्त धास्ती वाटते, आणि वर "हे 'बरंच लागू'त धरा, 'पूर्ण'मध्ये नको," अशी दुरुस्तीही केली. मॅडमनी नंतर हे फॉर्म पाहिले, तेव्हा एकही दुसऱ्यासारखा नव्हता. गुरुजींचा वर्ग प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण म्हणून घालायला त्यांनी स्वतःच सांगितलं.

गुणाबाईचा नंबर शेवटी लागला. 'मला आजाराची भीती वाटते' या वाक्यापाशी ती थांबली. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"लिही. पूर्ण लागू," ती हळू म्हणाली. "पण बाहेर त्यो बसला हाय, त्याले नको सांगू. त्यो रोज बोडीच्या पाण्याजवळ जाऊन रडते अन मले सांगते, डोळ्यात कचरा गेला."

"तुम्हाला कळतं, हे त्यांना माहीत आहे?"

"नाई ना. त्यालेबी विचार न एखादा कागद."

नातेवाइकांसाठी फॉर्म नव्हता. रुपालीनं कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानं वर लिहिलं, 'वारलू, गुणाबाईचे पती', आणि बाहेर गेली. वारलू बाकावर चपला काढून मांडी घालून बसला होता.

"भाऊ, तुम्ही कसे आहात? कुणी विचारलंय का तुम्हाला?"

वारलूनं तिच्याकडे पाहिलं, मग बाकावर जरा सरकून जागा केली. तो बोलायला लागला. तलावापासून, लग्नापासून, गाठ पहिल्यांदा हाताला लागली त्या दिवसापासून. रुपालीनं तीन वेळा पान उलटलं. घुग्घुसची बस समोरून निघून गेली, ती तिनं पाहिली आणि जाऊ दिली.