एकादशीची झोप

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या छगन पाटलांची झोप साऱ्या गल्लीच्या थट्टेचा विषय होती. त्यांच्या पत्नी जमनाबाईंच्या जिवाला मात्र तिचा घोर होता. घोरता घोरता पाटलांचा श्वास मध्येच थांबे. शेजाऱ्यांना वाटे, बरे झाले, आवाज बंद पडला. जमनाबाई उठून बसत आणि तो श्वास परत येईपर्यंत आपलाही श्वास धरून ठेवीत. दिवसा पाटलांना डुलक्या येत. पौषात तर गाडीवर त्यांचा डोळा लागला आणि तहानलेले बैल गाडीसह थेट तापीच्या पात्रात उतरले होते.

वैद्यबुवांनी कुशीवर निजायला सांगून बंडीच्या पाठीत एक अख्खी सुपारी शिवून घ्यायला लावली होती. उताणे होताच ती टोचे आणि पाटील पुन्हा कुशीवर वळत. उपाय गुणकारी होता. पण तो एकादशीलाच लागू पडे, हे मोठे नवल. एरवी सुपारीवर निजूनही पाटील ढिम्म हलत नसत.

"उपवासना गुन शे," पाटील म्हणत. "देवनी कृपा."

देवाच्या कृपेविषयी जमनाबाईंना शंका नव्हती. पण ती एकादशीचीच वाट का पाहते, हे त्यांना उमजेना. विचार करता करता ध्यानात आले की, एकादशीला पाटील अन्नाबरोबर आणखी एक वस्तू वर्ज्य करतात. धडगावकडचा त्यांचा स्नेही जामसिंग मोहाची दारू आणून देई. दारूबंदीचे दिवस, पाटलांनी तीत ओवा टाकून तिला अर्क म्हटले, औषध म्हटले, आणि जमनाबाई स्वतःच निजतेवेळी तो पेला श्रद्धेने त्यांच्या हाती देत आल्या होत्या.

मग गुण कशाचा? उपवासाचा, की अर्क न घेण्याचा?

अमावास्येला बैल जुंपायचे नसतात, म्हणून पाटील दुपारी घरीच निजत. जमनाबाईंनी अशा एका अमावास्येला भरीत-भाकरीचे पोटभर जेवण वाढले आणि अर्क संपल्याचे सांगितले. सुपारी टोचली, पाटील वळले, श्वास संथ चालत राहिला. पुढल्या अमावास्येला जेवण तेच, वर अर्काचा पेला. पाटील उताणे झाले. सुपारी पाठीखाली दबली, पण देहाला तिची वार्ताच नव्हती. श्वास थांबला. जमनाबाईंनी सवयीने आपलाही धरला. छाती दाटली, कानांत घण पडू लागले. शेवटी त्यांचा श्वास सुटला, तरी पाटलांचा आलाच नव्हता. त्यांनी नवऱ्याला गदगदा हलवले.

"काय व्हयनं? गाडी पान्यात गई का?"

"गाडी काठवर शे. तुमनीच फिकिर शे. आते नाक-तोंड धरा. मी सांगसू तवलोंग सोडानं नही."

"कसाले?"

"तुमना औषधना गुन दखाडस."

पाटलांनी हसत हसत नाक-तोंड दाबले. हसू ओसरले, डोळे विस्फारले, चेहरा लाल झाला. हात झटकून ते धापा टाकू लागले. "मारी टाकशी का मले?"

"इतलंच नही. आखो बाकी व्हतं."

झोपेत आपला श्वास याहूनही जास्त वेळ थांबतो, हे पाटलांच्या ध्यानात आले. "रोज?"

"एकादशी सोडीसन."

त्या संध्याकाळी उरलेला अर्क बैलांच्या खांद्यांवर चोळला गेला आणि जामसिंगला निरोप गेला की, यापुढे येताना मध आणावा. रात्री सुपारी टोचली तेव्हा पाटील झोपेतच कुरकुरले आणि वळले. जमनाबाईंनी ती कुरकुर ऐकली, आणि त्याही कुशीवर वळून निजल्या.