पडद्यावरचा आकडा

राजकुमारने बॉनेट उघडले आणि तो बराच वेळ आत बघत राहिला. वैजापुरात त्याचे गॅरेज होते. नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टरचा आजार ओळखणारा माणूस म्हणून त्याच्या वहिनीने, विशाखाने, त्याला मुद्दाम सोबत आणले होते. पण या गाडीला आवाजच नव्हता.

"वैनी, हिच्यात इंजिनच नाय."

"भाऊजी, इलेक्ट्रिक गाडी हाय ती."

"ते ठावं हाय मला. पण बघायला कायतरी तर ठेवायचं!" त्याने सवयीने टायरला लाथ मारून पाहिली, सायलेन्सर शोधत मागे जाऊन वाकला आणि मग स्वतःच हसत उठला. "माझं काम खलास. आता तुमचं तुम्ही बघा."

फाटकाजवळ उभी असलेली सायलीही हसली. गाडी तिच्या वडिलांची, तात्यासाहेबांची. त्यांनी नवी बुक केली होती, म्हणून ही विकायला काढली होती. मध्ये दलाल नको, या त्यांच्या हट्टापायी भौतिकशास्त्रात एमएस्सी होऊन नोकरीची वाट बघत बसलेल्या लेकीने जाहिरात लिहिली, फोटो काढले, फोन घेतले. आणि आणखी एक गोष्ट केली. ती या बापलेकींशिवाय कुणाला माहीत नव्हती.

गाडीच्या पडद्यावर चार्जिंगच्या टक्क्यांशेजारी अजून किती किलोमीटर जाता येईल याचा आकडा दिसतो. तो बॅटरीचा दम मोजून येत नाही. गेल्या काही दिवसांत गाडी कशी हाकली, त्यावरून गाडीने बांधलेला तो अंदाज असतो. बॅटरी तर दमली होती. तात्यासाहेबांनी वर्षानुवर्षे ती काठोकाठ भरून सिडकोच्या उन्हात उभी केली होती. एसी लावला की ती एकशे चाळीसच्या पुढे जात नव्हती. पण गेला आठवडाभर सायली रोज पहाटे तिला बीड बायपासच्या सपाट रस्त्यावर नेत होती. एसी बंद, ब्रेकला पाय जवळजवळ नाही, वेग वरातीतल्या गाडीसारखा. आकडा रोज थोडा चढत गेला. आज सकाळी चार्जिंग पूर्ण झाले तेव्हा पडद्यावर दोनशे पंधरा उमटले, आणि प्रयोग जुळून आल्यावर व्हावा तसा आनंद तिला झाला. तात्यासाहेबांनी पाठ थोपटली होती. "आपण कुठं खोटं बोललो? आकडा गाडीनं काढलाय."

"ताई," विशाखा आता तिच्याकडे वळली होती, "ह्यांना काय समजंना. तुम्ही सायन्सवाल्या. तुम्हीच सांगा, अशी जुनी गाडी घेताना काय काय बघायचं असतं?"

घेणाऱ्याने विकणाऱ्यालाच असे विचारावे, याची सायलीने कल्पना केली नव्हती.

"विचारा, विचारा," तात्यासाहेब ओट्यावरून म्हणाले. "पोरगी एक शब्द खोटा बोलायची नाय."

आणि सायलीने सांगितले. सांगता सांगता तिला रंगच चढला. चार्जिंगचे झाकण उघडून तिने आतल्या पिना दाखवल्या. काळवंडलेल्या असतील तर जाळ झालेला असतो. राजकुमारला गाडीखाली मोबाइलचा टॉर्च मारून बघायला लावले, कारण बॅटरीचा पेटारा तळाशी असतो आणि स्पीडब्रेकरवर आपटून त्याला पोचे पडतात. घरचा चार्जर आणि केबल हातात घेतल्याशिवाय व्यवहार करू नका, आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का ते कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्या, मोबाइलच्या ॲपमधून जुन्या मालकाचे नाव काढायला लावा, नाहीतर तो घरबसल्या तुमची गाडी कुठे आहे ते बघत बसेल. यातले प्रत्येक वाक्य खरे होते. आणि यातली प्रत्येक गोष्ट या गाडीत ठणठणीत होती.

सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची तपासणी करून घ्या, आणि आकड्यावर विसंबू नका, पूर्ण चार्ज करून एकदा लांबवर चालवून बघा, एवढेच ती बोलली नाही.

"बघा भाऊजी," विशाखा म्हणाली, "विकणारं माणूस इतकं सांगतं व्हय कधी?"

सायलीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

विशाखा चालकाच्या सीटवर बसली. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आरसा नीट केला. "दोनशे पंधरा. येऊन-जाऊन माझं दीडशे होतं. म्हणजे उरतंयच." मग ती मोकळेपणाने बोलत राहिली. इथल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. दुपारची पाळी सुटायला आठ वाजतात. मग बस नाहीतर काळीपिवळी, तीही भरल्याशिवाय हलत नाही. "लेकरू नऊ महिन्यांचं हाय माझं. जाते तवा झोपलेलं, येते तवा झोपलेलं. परवा सासूबाईंकडं बघून आई म्हणालं. ह्याच्यासाठी गाडी शिकले मी."

"दवाखान्यात चार्जिंगची सोय आहे का?" सायलीने विचारले. हा प्रश्न तिने का विचारला, ते तिचे तिलाच कळले नाही.

"तिथं डॉक्टरांच्या गाड्यांना जागा पुरंना, माझी कोण लावून घेतं?"

सायलीला आकडेमोड करायची नव्हती, पण ती सवयीने होऊन गेली. जाताना पंचाहत्तर. येताना पासष्ट. म्हणजे लासूर स्टेशन मागे पडलेले असेल आणि वैजापूरचे दिवे अजून दिसत नसतील. दोन्ही बाजूंना कापसाची मोकळी रानं. आधी एसी जाईल, मग गाडी आपोआप हळू होईल, मग कडेला थांबेल. आत ही एकटी, दवाखान्याच्या कपड्यांत, दुधाने भरून आलेली. जिथे गाडी थांबणार ते ठिकाण सायलीला इतके स्पष्ट दिसले, की तिने गाडीच्या दाराला हात टेकला.

विशाखाने पर्समधून पाकीट काढले. "इसार देऊन जाते, साहेब. बाकीचं सोमवारी."

"इसार नको," सायली म्हणाली.

तात्यासाहेबांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे आत्ता नको. आधी चालवून बघा. लांब. तुम्हाला गावाकडंच जायचंय ना? लासूरपर्यंत तुम्ही चालवा, मी मागं बसते. तिथून तुम्हाला वैजापूरची बस मिळेल."

"सायली, ऊन किती हाय!" तात्यासाहेबांचा आवाज वरकरणी प्रेमळ होता.

"म्हणूनच एसी लावून," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

खरे तर तिथेच, फाटकात, सगळे सांगता आले असते. ते तिच्याने झाले नाही. जे तोंडाने निघत नव्हते ते गाडीने सांगावे, असा तो पळपुटा बेत होता, आणि मागच्या सीटवर बसल्या बसल्या तिला त्याचीही लाज वाटत होती.

विशाखा छान चालवत होती. पडेगावच्या गर्दीतून तिने गाडी अलगद काढली. माळीवाड्याच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर पाय दाबला आणि लहान मुलीसारखी हसली. राजकुमार पुढच्या जाळीतून येणारा गारवा शर्टात भरून घेत होता. "वैनी, आपल्या गॅरेजला कुलूपच लावावं लागंल आता." सायली दोघांच्या मधून पडद्याकडे बघत होती. एकशे नव्वद. एकशे सत्तर. सांगावे, असे प्रत्येक वळणावर वाटत होते आणि प्रत्येक वळण मागे पडत होते.

लासूर स्टेशनच्या स्टँडसमोर विशाखाने गाडी बाजूला घेतली. पहिल्यांदा राजकुमारचेच लक्ष गेले.

"ओ ताई, हे काय? आपण चाळीस किलोमीटर आलो असू. अन् हिनं तर शंभर खाल्ले!"

पडद्यावर एकशे चौदा होते. विशाखाने ते पाहिले, मग शेजारचे टक्के पाहिले. तिचे ओठ हलले, ती मनात हिशेब करत होती. मग तिने आरशातून सायलीकडे पाहिले.

"गाडी बिघडली का?"

"नाही," सायली म्हणाली. "आत्ता ती जवळपास खरं दाखवतीये. सकाळचं खोटं होतं."

आणि मग तिने सगळे सांगितले. बायपास, पहाट, बंद एसी. बॅटरी किती दमलीये ते. सांगताना तिने वडिलांचे नाव घेतले नाही, कारण कल्पना तिचीच होती. आणि शेवटी तेही सांगितले, जे सांगायची गरज नव्हती: "पाळी संपवून येताना तुम्ही इथून पुढं, घरी पोचायच्या आधी, थांबला असता. मला कळत होतं कुठं."

राजकुमारने दार उघडले आणि तो खाली उतरून उभा राहिला. थट्टा त्याच्या चेहऱ्यावरून पुसली गेली होती.

विशाखा हललीच नाही. "मी लेकराचं सांगायच्या आधी कळत होतं का नंतर?"

"आधी आकडा माहीत होता. जागा नंतर कळली."

"अन् मी लेकराचं बोललेच नसते तर?"

विशाखाने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने किल्ली काढली आणि मागे वळून सायलीच्या हातात दिली.

"मघाशी तुम्ही इतकं सांगितलं, पिना काय, बोजा काय. घरी जाऊन मी माझ्या नवऱ्याला सांगणार होते, बाई लई सरळ हाय म्हणून." ती उतरली, पदर खांद्यावर नीट घेतला. "तुमचं एक सांगायचं राहिलं, ताई. विकणाऱ्याला विचारू नका, म्हणायचं होतं."

वैजापूरची बस लागलेलीच होती. राजकुमारने वहिनीला आधी चढवले. खिडकीत बसल्यावर विशाखाने एकदा गाडीकडे पाहिले, सायलीकडे नाही. मग बस निघून गेली.

फोन वाजत होता. पडद्यावर बाबा. सायलीने तो उचलला नाही. ती पुढे येऊन बसली. सीट विशाखाच्या उंचीवर बसवलेली होती. तिने ती सरकवली नाही, तशीच अवघडून गाडी वळवली आणि शहराच्या दिशेने निघाली.

ऊन कलले होते. तिने एसी बंद केला होता, ते तिच्या ध्यानातही नव्हते. पाय हलका, ब्रेक कमी, आठवडाभरात अंगवळणी पडलेली तीच चाल. माळीवाड्याच्या आसपास तिचे लक्ष पडद्याकडे गेले. इतके अंतर कापूनही आकडा खाली आला नव्हता. उलट एकाने चढला होता.

तिने हात पुढे केला आणि एसी लावला.