गोविंदरावांची झेरॉक्स

मी तोंडाची फटकळ आहे, आमच्या लहरीपुऱ्यात कुणालाही विचारा. बंद पडलेल्या ऑफिसांतली इंटरकॉमची मशीनं घ्यायची, नीट करायची आणि गरजवंताला विकायची, हा आमचा धंदा. नवरा गेल्यापासून मी आणि माझा दीर सदानंद मिळून तो चालवतो. माझा एकच हट्ट असतो. मशीन आपल्या हातात आलं की जुन्या मालकाचं त्यातलं सगळं आधी पुसायचं. रेकॉर्ड झालेले निरोप, माणसांचे नंबर, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. शेजारणीचा डबा आपण घासूनच परत देतो ना, तसं.

त्याच हट्टानं मला करजण गावी तोंडघशी पाडलं.

तिथे डॉक्टर नीरा यांचं बाळंतपणाचं नवं हॉस्पिटल सोमवारी सुरू व्हायचं होतं. बारा खोल्या, प्रत्येक पलंगाशी एक फोन. बाईनं तो नुसता उचलला की नर्सच्या टेबलावर घंटी वाजली पाहिजे. शुक्रवारी दुपारी आम्ही मशीन बसवलं, तर दोनच खोल्या वाजल्या. बाकी दहा ठार मुक्या! पडद्यावर अक्षरं आली की लायसन्स नाही.

सदानंदनं मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, की मशीन विकत घेतलं म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर वापरायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो पहिल्या मालकानं लेखी द्यावा लागतो. लायसन्सची फाइल मेमरी कार्डावर असते, पुसली गेली तर नवी देऊ, पण हक्क ज्याच्या नावावर असेल त्यालाच. आता मी तर कार्ड चकचकीत पुसलेलं! दुकानात दोन फोन लावून तपासलं होतं, दोन्ही वाजले होते. दोन फोन लायसन्सशिवायही चालतात, हे मेलं कुणाला ठाऊक?

"वहिनी, माझ्या ओळखीचा एक जण आहे," सदानंद हळूच म्हणाला. "लायसन्सशिवाय चालेल असा चोरटा क्रॅक टाकून देईल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! आणि भलत्या वेळी ते बंद पडलं, खोलीतली बाई फोन उचलून नुसती 'हॅलो हॅलो' करत बसली, तर तू जाणार आहेस तिच्या उशाशी?"

डॉक्टर नीरा दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी तरी उलटून बोलले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, सोमवारी तीन बायका दाखल होतायत. नवं मशीन यायला महिना लागेल. तुमच्या शब्दावर जुनं घेतलं मी." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहिला मालक म्हणजे मकरपुऱ्याचा एक कारखाना. दोन वर्षांपूर्वीच त्याला टाळं लागलेलं. तिथल्या माणसांपैकी मला एकच आठवत होता, व्यवहार बघणारे गोविंदराव. आठवत होते, कारण मशीन घ्यायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला दोन तास बसवून ठेवलं होतं. हा फॉर्म भरा, तो भरा, तीन तीन प्रतींवर सही करा. मी एक ओळ न वाचता सह्या ठोकल्या आणि जिना उतरताना सदानंदला म्हटलं, "मेला चिकट म्हातारा! डबा विकतोय की मुलगी देतोय?" माझ्या वाटचे कागद कधीच रद्दीत गेले.

शनिवारी सकाळी पत्ता विचारत विचारत नागरवाड्यात त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती. सगळं सांगितलं. ते आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन बाहेर आले.

"हक्क तुमच्या दुकानाच्या नावावरच आहे, बाई. दोन वर्षं झाली. हे माझं पत्र, ही तुमची सही, आणि ही मशीनच्या कंपनीची पोच. सगळ्याची झेरॉक्स ठेवली होती मी. नंबर पोचेवर लिहिलाय."

सही माझीच होती. "काका, पण मी तर मागितलं नव्हतं!"

"कारखान्याचा शेवटचा आठवडा होता. माझ्या सहीला आठच दिवस किंमत उरली होती. म्हटलं, पुढे अडलात तर कुणाकडे जाल? आधीची गिऱ्हाइकं मशीन उलटंपालटं करून बघून गेली. तुम्ही मात्र आमच्या लोकांचे निरोप एकही न ऐकता माझ्यासमोर पुसलेत. बरं वाटलं मला." मग चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले, "आणि हो, आमच्या कारखान्याच्या जिन्यातलं वर सगळं ऐकू येतं."

अगं आई गं! कप तसाच खाली ठेवला. मी वाकून त्यांच्या पाया पडले. आयुष्यात इतक्या मनापासून मी कुणापुढे वाकले नसेन.

तिथूनच कंपनीला पोचेचा नंबर सांगितला. दुपारी नवी फाइल आली, संध्याकाळच्या आत करजण गाठलं. सदानंद खोली खोली फिरून फोन उचलत गेला आणि नर्सच्या टेबलावर घंटी वाजत गेली. बारावी वाजली तेव्हा डॉक्टर नीरांनी माझा हात धरला. मी तिथेच बसून हॉस्पिटलच्या नावानं हक्काचं पत्र लिहिलं, आणि या खेपेला प्रत्येक ओळ वाचून सही केली.

मग नर्सच्या टेबलावरूनच नागरवाड्याला फोन लावला.

"वाजले, काका. बाराच्या बारा!"

"छान. हक्काचं पत्र दिलंत ना त्यांना?"

"दिलं."

"आणि झेरॉक्स?"

माझे डोळे भरून आले. नेमकी तेव्हाच जीभ लुळी पडली, माझी जीभ!

"ठेवली, काका," मी म्हटलं. "प्लास्टिकच्या फाइलीत ठेवली."