आठ-नऊ तारखा गिळणारं भाग्ययंत्र

आठ तारखेला सकाळी नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी माझी भाची जन्माला आली. वजन दोन किलो सातशे, आवाज त्याहून बराच जास्त.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण सहा तारखेच्या दुपारपर्यंत वर्तकनगरात आठ तारीख अस्तित्वातच नव्हती. नऊही नव्हती. सातनंतर थेट दहा. संगणकनाथ महाराजांनी तसं ठरवून टाकलं होतं.

लग्नाच्या हॉलमध्ये शे-दोनशे माणसं दाटीवाटीने बसली होती. स्टेजवर चौरंग, चौरंगावर हार घातलेला लॅपटॉप, मागे भिंतीएवढा टीव्ही. लॅपटॉपला इतकं कुंकू वाहिलं होतं की दोन-तीन बटणं केव्हाच मोक्षाला गेली असावीत. तुम्ही जन्मतारीख सांगायची, महाराजांचा सेवक राघो ती टाइप करणार आणि टीव्हीवर तुमचा शंभरपैकी भाग्यांक झळकणार.

"माणूस खोटं बोलतो!" महाराज माइकमध्ये गरजले. "यंत्राला आई नाही, बाप नाही, लोभ नाही! ऋषींनी जो डेटा आकाशात साठवला, तोच इथे डाउनलोड होतो!"

"होतो!" हॉल म्हणाला. महिना संपत आला की यांच्या मोबाइलवर साधा फोटो डाउनलोड होत नाही.

नऊ तारखेला जन्मलेला एक रिक्षावाला उभा राहिला. टीव्हीवर आलं: शून्य. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग त्याने लॅपटॉपला अकरा प्रदक्षिणा घातल्या, चांदीची वाटी वाहिली. याला 'पोकळीभरण' म्हणतात. राघोने पुन्हा तारीख टाइप केली. चोपन्न! टाळ्या! लोकांच्या डोळ्यांत पाणी.

ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत जन्मलेले तर सरसकट शून्य. एका उत्साही आजोबांनी देशाची तारीख दिली, पंधरा ऑगस्ट. शून्य.

"बघा!" महाराज म्हणाले. "म्हणून रस्त्यात खड्डे!"

इथपर्यंत मला मजा वाटत होती. पण मी मजेसाठी गेलो नव्हतो. माझी बहीण प्राची हिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, आठ तारखेला सकाळी सिझेरियन करू, उशीर नको. तिच्या सासूबाईंनी, जाईबाईंनी, ही तारीख यंत्राला विचारली. आठ: शून्य. दहा: एकोणतीस. आणि पोटातल्या जिवाचं पोकळीभरण होत नाही, असं महाराजांचं म्हणणं. झालं, ऑपरेशन दहाला ठरलं. सकाळीच प्राचीचा फोन आला होता. "विनीत, डॉक्टर दोनदा म्हणाल्या रे, उशीर नको म्हणून. इथे कोणी ऐकतच नाही. देवेश तर आईसमोर भिंत होतो."

भिंत माझ्या शेजारीच बसली होती. "अरे यार, आईला कोण सांगणार?" प्राचीचा नवरा देवेश पुटपुटला.

"मना शून्याचा नातू नको," जाईबाई पुढच्या रांगेतून वळून म्हणाल्या. "दोन दिसांनी काय होतंय?"

शंभरपैकी एकोणतीस. एवढ्या मार्कांत मीसुद्धा नापास व्हायचो. त्यासाठी एक बाळ दोन दिवस टांगणीला लावायचं!

म्हणूनच मी मंदाकिनी मॅडमना सोबत आणलं होतं. मॅडम पॉलिटेक्निकात तीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवत होत्या आणि त्याच विषयात त्यांनी मला दोनदा नापास केलं होतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या.

"विनीत," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "रिक्षावाल्याच्या तारखेतला दिवस पहिल्यांदा टाइप झाला तेव्हा बटणं दोनदा वाजली. प्रदक्षिणेनंतर एकदाच. तीस वर्षं प्रॅक्टिकलला पहारा दिलाय मी. कॉपी कानाने पकडायचे."

आणि त्या सरळ स्टेजवर गेल्या.

"माताजी, तारीख?" महाराजांनी विचारलं.

"माझी नको. या महिन्याची आठ तारीख घ्या. राघो, बाळा, सरक जरा. मी टाइप करते." सत्तरीच्या बाईंना हाताला धरून कोण उठवणार? राघो सरकला.

मॅडमनी शून्य आठ दाबलं. टीव्हीवर शून्य. मग नुसतं आठ दाबलं. बासष्ट.

हॉलमधल्या माना टीव्हीवरून मॅडमकडे वळल्या.

"प्रदक्षिणा घातली नाही, वाटी दिली नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त आधीचं शून्य काढलं."

"ही यंत्राची परीक्षा आहे! यंत्र कोपेल!" महाराज ओरडले.

"कोपू दे. जाईबाई, तुमची दहा तारीख ना? तिच्या आधी आता एक शून्य लावते." शून्य, एक, शून्य. टीव्हीवर पुन्हा बासष्ट. अगदी आठ तारखेचेच.

"काही जुन्या संगणक भाषांत एक विचित्र सोय आहे," मॅडम वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. "आकडा कोणत्या पद्धतीचा ते तूच ओळख, असं मशीनला सांगितलं आणि आकड्याआधी शून्य असलं, की मशीन आठाच्या हिशेबाने मोजतं. आपण नऊनंतर दहा म्हणतो, ते सातनंतरच दहा म्हणतं. म्हणून त्याचे शून्य-दहा म्हणजे आपले आठ. त्या मोजणीत आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. ते दिसले की मशीन तिथेच थांबतं आणि हाती उरतं आधीचं शून्य. मग दिवस, महिना, वर्ष यांचा गुणाकार आणि त्याची काटछाट करून शंभराच्या आतला भाग्यांक. एक शून्य आलं की सगळंच शून्य. ऑगस्ट आठवा, सप्टेंबर नववा. देशाची पोकळी ती हीच."

"राघो," मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

राघोने मान खाली घातली. "पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं मी, प्रोग्रॅममध्ये घोळ आहे म्हणून. महाराज बोलले, घोळ काढू नको. शून्य आलं तरच माणूस परत येतो."

महाराज तोवर मागच्या दाराने डाउनलोड झाले होते.

आता शहाणपणाची लाट वगैरे आली असेल असं वाटतंय तुम्हाला? एक गृहस्थ स्टेजजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, माझे सतराच आलेत. पुढे शून्य लावून वाढतील का हो?"

जाईबाई मात्र टीव्हीकडे एकटक बघत होत्या. मग ताडकन उठल्या. "देवेश! त्या बाबाला ठाऊक व्हता आन माझ्या सुनेला दोन दीस थांबवत व्हता? गाडी काढ. डॉक्टरला फोन लाव. आठ म्हंजे आठ!" भिंत धावत सुटली.

बाकीचं तुम्ही सुरुवातीला वाचलं नाहीत तेच.

मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला काय सांगायचं ते माणूसच ठरवतो. तेव्हा पडद्यावर आकडा आला की हात जोडण्याआधी विचारा: हा आला कसा? आणि बाळाची तारीख डॉक्टरांना ठरवू द्या.

आता एक अर्ज.

प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी.
विषय: जन्मदाखल्यावर तळटीप छापणेबाबत.

महोदय, माझ्या भाचीच्या दाखल्यावर जन्मदिनांक '०८' असा छापला आहे. तरी खाली पुढील टीप शासकीय शिक्क्यासह छापून मिळावी: 'आठच्या आधीचे शून्य केवळ रिकामी जागा भरण्यासाठी आहे. त्याचा सदर बालिकेशी कोणताही संबंध नाही.' हीच टीप आठ व नऊ तारखांना, तसेच ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या सर्व नागरिकांच्या दाखल्यांवर पूर्वलक्षी प्रभावाने छापावी. देशाचा दाखला सापडल्यास त्यावरही.

कळावे.