वाढत्या मापाचे ठोकळे

आमच्या घरात कुणाच्या मापाची वस्तू कधी आलीच नाही. प्रियाला पहिलीत घेतलेले बूट तिला तिसरीत नीट बसले, तोवर टोकात कापसाचे बोळे. सायकल आणली ती अशी, की सीटवर बसलं तर पाय पेडलला पोचायचे नाहीत. पोरीने वर्षभर उभ्यानेच चालवली. दुकानदाराने नंबर विचारला की माझ्या नवऱ्याचं, यशपालांचं, ठरलेलं उत्तर, "वाढता द्या." मंद्रूपला थोरल्या चुलतभावांचे शर्ट घालून वाढलेला माणूस. त्यांना वाटतं, कपडा आधी येतो आणि अंग मागून.

मी तरी काय मोठी शहाणी? मी गणवेशाच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते, आणि संध्याकाळी घरी गल्लीतल्या पोरांचे कपडे शिवते. प्रत्येक आई सांगते, "चांगुणाताई, खाली दाब जरा जास्त ठेवा, पोरगं वाढतंय." मी तेवढं कापड आत दुमडून ठेवते, पुढे उसवून लांब करता येतं. प्रियाच्या कुर्त्यांना तर चांगला चार बोटं ठेवते.

तिचं पूर्ण नाव धम्मप्रिया. शाळेच्या शिबिरात तिने हवेच्या बंदुकीचे छर्रे मारले आणि अनिलकुमार सरांना तिचा हात आवडला. सर पूर्वी सैन्यात होते, आता एका जुन्या गोदामात नेमबाजीचा क्लब चालवतात. क्लबात चांगल्या रायफली मोजक्याच, त्यातली एक त्यांनी प्रियासाठी ठेवली. अट सरळ होती. मे महिन्यातल्या निवड चाचणीत ती राज्याच्या संघात आली तर रायफल तिची राहील, नाहीतर रांगेतल्या पुढच्या पोराला मिळेल. त्या दिवसापासून पोरगी दुसरं काही बोलेना. जेवताना चमचा हातात धरला तरी एक डोळा मिटायची.

पण लवकरच तिची मान दुखायला लागली. रायफलीच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची एक चकती असते, तिला पीप साईट म्हणतात. त्या भोकातून नळीच्या टोकावरची कडी बघायची, आणि कडीच्या मधोमध समोरच्या कागदावरचा काळा ठिपका. ही साईट प्रियाच्या डोळ्यापेक्षा खाली यायची, म्हणून ती मान वाकवून नेम धरायची. सर म्हणाले, पुढच्या आणि मागच्या साईटखाली एकसारखे ठोकळे बसवा, बोटभर उंचीचे, म्हणजे डोकं सरळ राहील.

"मी करतो की," यशपाल म्हणाले. ते एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर आहेत. सप्टेंबरात, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांनी ते दोन ठोकळे केले. ॲल्युमिनियमचे, आरशासारखे घासलेले, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून कडासुद्धा गोल केलेल्या. रुमालात गुंडाळून क्लबात घेऊन गेले. लग्नात मंगल परिणयाच्या वेळीही हा माणूस इतका खूश दिसला नव्हता.

सरांनी ठोकळा हातात फिरवला. "काम झकास आहे. पण उंच वाटतोय हो. मी बोटभर म्हणालो होतो."

"पोर वाढतंय की सर," यशपाल म्हणाले. "दरवर्षी कुटं नवं करत बसायचं?"

ठोकळे बसवले. प्रियाने रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, मग मान थोडी वर ताणली.

"दिसतंय का?" सरांनी विचारलं.

"दिसतंय सर." आणि बापाकडे वळून म्हणाली, "एकदम बरोबर हाय पप्पा."

त्यावर तो विषय संपला. कसं दिसतंय, हे कुणी विचारलंच नाही.

मे महिना म्हणजे आमच्या कारखान्याचा हंगाम. जूनच्या आत गावोगावचे गणवेश गेले पाहिजेत, त्यामुळे मशीन थांबत नाही आणि पाठही. सोलापूरचं ऊन, डोक्यावर पत्रा. घरी आल्यावर कुणी पाणी मागितलं तरी माझं डोकं फिरायचं. अशातच सरांचा फोन आला, "ताई, जरा येऊन जा. एकट्याच या."

गेले. आत तर आमच्या कारखान्यापेक्षा जास्त उकडत होतं. प्रिया नेमबाजीचं ते जाड कापडी जॅकेट घालून नेम धरत होती आणि घाम हनुवटीवरून टपकत होता. तिची फेरी झाल्यावर सरांनी तिला पाणी प्यायला पाठवलं आणि रायफल माझ्यासमोर धरली. गाल टेकवायच्या पट्टीवर चिंध्यांचे थरच्या थर गुंडाळून वर चिकटपट्टी मारली होती. निळ्या चौकड्याचं कापड. मी लगेच ओळखलं. महिनाभर मी त्याच कापडाचे शर्ट शिवत होते आणि घरी आणलेली कात्रणं कुठे जातात म्हणून शेजारच्या पोरांवर ओरडत होते. बुटातले बोळे आता बंदुकीवर आले होते.

"ही पट्टी वर जायची तेवढी गेलीय," सर म्हणाले. "तरी गाल टेकवला की डोळा भोकापर्यंत पोचत नाही. म्हणून या चिंध्या. तरी कमी पडलं की ती गाल उचलते. गाल हवेत राहिला की डोळा दर वेळी वेगळ्या जागी, आणि छर्रापण. चाचणीत तपासणीच्या टेबलावर या चिंध्या काढायला लावतील. मग ती काय करेल?"

"मग तुम्ही इतके दिवस काय करत होता?" मी फटकन बोलले. तोंड आवरायची ताकदच नव्हती.

सरांनी ऐकून घेतलं. "ठोकळे काढू म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. जमतंय सर, म्हणते. मार्क बरे येत होते, मीही चालू दिलं. मी ऐकायला नको होतं."

संध्याकाळी यशपाल पाळीवरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला. गोड बोलून सुरुवात करावी एवढा जीव माझ्यात उरला नव्हता. सरळ सांगितलं, "तुमचे ठोकळे उंच होत्यात. पोरीचा डोळा पोचत न्हाय."

"आज न्हाय पोचत. पोचंल की. अजून वाढंल ती. माझी बहीण पार लग्नापर्यंत वाढत हुती."

"तुमची बहीण माझ्या खांद्याला लागती!"

तरी त्यांनी मानलं नव्हतं. मी उठले आणि दोरीवरचा प्रियाचा कुर्ता काढून त्यांच्या मांडीवर टाकला. "ह्यो नववीत शिवलाय. आज अकरावीला चाललीय, तरी घालती. खालचा दाब बघा."

त्यांनी कड उलटली. बाहेरचं कापड धुऊन धुऊन पांढुरकं झालं होतं आणि दाबाच्या आतलं अजून गर्द निळं होतं, दुकानातून आणलं तसं. चार बोटं, जशीच्या तशी. मी तो कधी उसवलाच नव्हता. उसवायची वेळच आली नव्हती. आणि हे माझ्याही त्याच क्षणी नीट ध्यानात आलं, खोटं कशाला बोलू?

"आपण दोघं केवढी हाय, आरशात बघा की," मी म्हणाले. "कुटनं वाढायची ती?"

यशपाल त्या गर्द पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले. तेवढ्यात प्रिया जिन्यावरून खाली आली. बापाच्या मांडीवर कुर्ता आणि माझा चेहरा बघून दारातच थबकली.

"बाळा, ठोकळा उंच हाय, तर सांगितलं का न्हाईस?" यशपालांनी विचारलं.

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, वाढंन मी."

"अगं, पण..."

"रोज लोंबकळतीय की सकाळी. जिन्याच्या पायपाला. शाळेतल्या मॅडम म्हणल्या हुत्या, त्यानं उंची वाढती." ती बापाकडे वळली. "तुमी जेवणं सोडून केलं पप्पा. आणि मीच वाढंना."

रोज सकाळी ती त्या पायपाला लटकायची आणि मी कणीक मळता मळता ओरडायची, पाईप निखळला तर घरमालक आपल्याला निखळवेल म्हणून. मला वाटायचं, व्यायाम करतेय. पोरगी बापाच्या मापाला पुरी पडायला बघत होती. माझा जीव असा कळवळला की तिला जवळ घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. यशपालांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी कामाला दांडी मारली आणि तिघं क्लबात गेलो. ठोकळे कापायला सर आधी तयार होईनात. चाचणी तोंडावर आलेली, अशा वेळी साईटला हात लावायचा नसतो, सगळा नेम नव्याने जुळवावा लागतो. पण चिंध्या तर निघणारच होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच त्या सोडवल्या आणि प्रियाला उभं केलं.

"डोळे मीट. उशीवर डोकं ठेवतेस तसा गाल ठेव. मान ताणायची नाही, वाकवायची नाही. आलं आरामात? आता डोळा उघड. काय दिसतंय?"

प्रियाने डोळा किलकिला केला.

"भोक दिसतंय?"

"न्हाय सर."

"मग काय दिसतंय?"

"ठोकळा," ती हळूच म्हणाली.

यशपालांनी खिशातून मापाचं हत्यार काढलं. तिच्या बुबुळासमोरची जागा आणि भोकाचा मध्य, यातलं अंतर घेतलं. पुन्हा डोळे मिटायला लावले, पुन्हा घेतलं. मी बाकड्यावर बसून बघत होते. आमच्या धंद्यात माणसाला समोर उभं केल्याशिवाय टेप हातात घेत नाहीत. इथे घरातल्या घरात बंदुकीचं माप झालं होतं आणि पोरीचं राहून गेलं होतं.

निघताना सवयीने त्यांच्या तोंडून गेलंच, "जरासं वर ठेवू का? पुढं मागं..."

मग त्यांनीच मान हलवली. "न्हाय. न्हाय ठेवत."

कारखान्याच्या मालकाला विनवून त्यांनी त्याच दिवशी ठोकळे कापून आणले. कडा पुन्हा गोल केल्या होत्या. प्रियाने डोळे मिटले, गाल टेकवला, डोळा उघडला आणि खुदकन हसली. रायफल हातात धरून तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

चाचणीच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर काही अडलं नाही. पण सुरुवातीच्या गोळ्या फुकट गेल्या. गोळी मारण्याआधी तिची मान जुन्या सवयीने वर जायची, मग तिच्या लक्षात यायचं, मग ती गाल परत टेकवायची, आणि एवढ्यात हात थकायचा. समोरच्या पडद्यावर ठिपके कधी वर, कधी बाजूला. सरांनी रुमालाने तोंड झाकून घेतलं. निम्म्यावर कुठेतरी तिची मान जागेवर आली. त्यानंतर मात्र ठिपक्यावर ठिपका बसायला लागला. शेजारच्या लेनचे आईबापसुद्धा आमच्या पडद्याकडे बघायला लागले. मी मनात म्हणत होते, अजून थोड्या गोळ्या असू देत, अजून थोड्या. पण त्या संपल्या.

संघात शेवटचं नाव दुसऱ्याच मुलीचं लागलं. तिच्या खालोखाल प्रिया.

"आठ महिने खाल्ले मी पोरीचे," यशपाल भिंतीला टेकून म्हणाले. समजूत काढावी असं वाटलं, पण खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

रायफल द्यायला आम्ही क्लबात गेलो तेव्हा पुढची मुलगी आधीच येऊन थांबली होती. उत्कर्षा. ताडमाड उंच, मान सुरईसारखी. सरांनी तिला रायफल धरायला लावली. प्रियाच्या साईटपर्यंत पोचायला तिला चांगलंच वाकावं लागलं.

"हिला उंच ठोकळे लागतील," सर म्हणाले. आणि मग, बोलून गेल्यावर ओशाळत, "तुमचे आधीचे हिला अगदी बरोबर बसले असते."

यशपाल हसले. फार वाईट हसले. मग त्यांनी खिशातून पाना काढला, दोन्ही साईट सोडवल्या, ठोकळे काढले आणि साईट परत रायफलीवर घट्ट बसवून दिल्या. काम नेहमीसारखंच चोख.

"कपाटात ठेवून द्या," सर म्हणाले. "एखाद्या पोराला लागतील कधीतरी."

"कुणाला येणार न्हाईत सर. तिच्याच मापाचे हायत." यशपालांनी ते रुमालाने पुसले आणि प्रियाच्या हातात दिले. ती रिक्षात घरापर्यंत ते मुठीत धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना मी सवयीने जिन्याकडे बघितलं. ओरडायलाही तोंड उघडलं होतं. पायपाला कुणी नव्हतं. यशपाल डबा घेऊन निघाले होते, तेही पायऱ्यांपाशी थांबून तिकडेच बघत होते.