पालथा घातलेला टॅब

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्यासमोर एक मूल बसलं आहे. त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, चेहरा दिसतो. पण हिशेबात धरायचं ते फक्त त्याचं बोट. बोट टेकलं तर मूल शिकतंय, नाही टेकलं तर नुसतं बसलंय. सांगा बरं, त्या मुलाला काय येतं हे तुम्हाला कळेल का? मी जन्मभर हेच काम केलं, आणि माझा गोंधळ अजून मिटलेला नाही.

मी एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि चार्जिंगची वायर जरा वाकडी धरल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही. पण नवा होतो तेव्हा माझा तोरा काही वेगळाच होता. ज्या खोलीत माझ्यात धडे भरले गेले, तिथे दोघांची चांगलीच जुंपली होती. एक ताई म्हणत, "उत्तर बरोबर आलं की लगेच शाबासकी. शाबासकीनं मूल शिकतं." शेजारचा दादा मान हलवत म्हणे, "ताई, मूल स्वतः करून बघतं तेव्हा शिकतं. चुकू दे की त्याला."

"तुझं खरं असेल रे, पण ते यात बसवायचं कसं?"

दादानं बरीच खटपट केली, पण ते काही बसेना. म्हणून माझ्यात शाबासकीचे तारे भरले गेले. खरं कोणाचं, ते मला कोणीच सांगितलं नाही.

शाळेत आलो आणि मुलांच्या माझ्यावर उड्या पडू लागल्या. बरोबर उत्तराला मी टिंग वाजवायचो आणि पडद्यावर तारा उगवायचा. एका मुलाला सगळे तुफान म्हणत. त्याच्या नावावर ताऱ्यांचा नुसता सडा पडला होता. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला म्हणत गोगलगाय.

एकदा मी तिला विचारलं, एक तृतीयांश मोठं की एक चतुर्थांश? तिनं एक चतुर्थांशावर बोट ठेवलं. चूक.

"अगं, चूक आली की दुसरं दाब," तुफान म्हणाला. "दोनच तर आहेत. तारा मिळतोच."

"पण चार तिनापेक्षा मोठे ना? मग चुकलं कसं?"

"तुला तारा हवाय की वाद घालायचाय?"

तिनं मला पालथं घातलं. अंधारात कागद सळसळत राहिला, बोट काही येईना. 'नुसती बसली आहे' अशी नोंद करून मी झोपी गेलो. मग हे रोजचंच झालं.

सत्र संपताना बाईंनी माझ्या नोंदी पाहिल्या आणि मुलीला जवळ बोलावलं. "उद्यापासून तू खालच्या वर्गात बस बाळा. पहिल्यापासून सुरुवात करू."

तिचे डोळे भरून आले. "बाई, त्या वर्गात माझा धाकटा भाऊ आहे. मग तो मला ताई म्हणेल का?"

बाई थबकल्या. "पण टॅब पालथा घालून एवढा वेळ करतेस तरी काय?"

तिनं दप्तरातून दोन सारख्या कागदी पट्ट्या काढल्या. घड्या घालून एकीचे तीन भाग केले होते, दुसरीचे चार. "बघा ना, भाग वाढले की तुकडा लहान होतो. तिनाच्या घड्या नीट बसेनात, म्हणून वेळ लागला."

"बाई, मला विचारा. मला कधीचं येतं," तुफान म्हणाला.

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "सांग. एक पंचमांश मोठं की एक षष्ठांश?"

"एक षष्ठांश." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. "मग एक पंचमांश." पुन्हा माझ्याकडे पाहिलं. टिंग वाजवायला मला बोट लागतं हो, मी काय करणार? वर्ग खुदखुदला. त्याचे कान लाल झाले.

तारेवाला कोरा, आणि नुसती बसलेली हुशार. मग इतके दिवस मी मोजत तरी काय होतो?

"तू इथेच बस गं," बाई मुलीला म्हणाल्या. "आणि तू..." त्या तुफानकडे वळल्या.

मित्रांनो, माझी काच पुसा, वायर जपा. आणि मी चूक म्हटलं की घाईनं दुसरं बटण दाबू नका. मला थोडा वेळ पालथं घाला. मी आपला 'नुसता बसला आहे' असंच लिहीन. लिहू द्या मला.

गोगलगाय मात्र बाईंचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबली नाही. कोरा कागद घेऊन तिनं दोन लांब पट्ट्या कापल्या, तुफानच्या पुढ्यात सरकवल्या आणि हळूच म्हणाली, "पाचाच्या घड्या अवघड असतात हं. सहाच्या आधी घाल."